सुई

ह्यांनी हात वर केला आणि मागची सगळी रांग पाऊलवाटेवर थांबली.

"इथे दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही," हे म्हणाले. "नुसतं ऐका."

नेमकं हेच वळण मला टाळायचं होतं. विद्यापीठाच्या या अभ्याससहलींत पक्ष्यांची बाजू कित्येक वर्षं ह्यांच्याकडे आहे. निवृत्त झाले तरी पत्रकावर पहिलं नाव ह्यांचंच. लोक पहाटे उठतात, नवे बूट चावत असले तरी ह्यांच्या मागे निमूट चालतात. मी सहलीची कुणीच नव्हे. थर्मास आणि औषधांची पिशवी सांभाळायला येते, असं आपलं मी सांगते.

लोक कान देऊन उभे राहिले. आणि आमच्या डोक्यावरच्या फांद्यांतून सुई बोलायला लागली.

सुई म्हणजे अंगठ्याएवढा एक पक्षी. पुस्तकातलं नाव लांबलचक आहे, पण आवाज इतका बारीक आणि टोकदार की आमच्या घरात त्याला सुईच म्हणतात. मला कावळा आणि कबूतर यांपलीकडे काही कळत नसे. लग्नानंतर पहिल्यांदा जंगलात नेलं तेव्हा ह्यांनी मला हा एवढा एकच आवाज शिकवला. इतर बायकांना नवऱ्याकडून काय काय मिळतं, मला हे मिळालं.

"ऐकलंत?" हे म्हणाले. "काहीच नाही. पूर्वी या वळणावर सुईचा नुसता गलका असायचा. गेली दोन-तीन वर्षं एकही नाही. संपली ती इथून."

लोक चुकचुकले. वर सुईचा जीव तोडून आरडाओरडा चालूच होता.

रांगेत एक नर्सबाई होत्या. दवाखान्यातल्या यंत्रांची बारीक टुणटुण ऐकण्यात त्यांची सगळी नोकरी गेलेली, त्यामुळे कान तिखट. त्यांनी मान वर केली. "सर, मग आत्ता हे कोण..."

मला जोराचा खोकला आला. आणला, म्हणा ना.

"अहो काकू, पाणी घ्या पाणी," म्हणत त्या माझ्याकडे धावल्या आणि प्रश्न अर्धवट राहिला.

हा खोकला आता जुना झाला. माझं बोलणं ह्यांना ऐकू येतं, नको तेवढं येतं. पण मनगटावरच्या घड्याळाचा गजर वाजून वाजून दमतो तरी ह्यांना पत्ता नसतो. वयानं ह्यांच्या कानांतून बारीक, वरच्या पट्टीतले आवाज तेवढे गेलेत. माझ्या लक्षात आलं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण आज नको, उद्या सांगू, असं करत राहिले. ज्याला पानाआडचा पक्षी नुसत्या आवाजावरून कळायचा, त्याला कोणत्या तोंडानं सांगणार?

आज मात्र गप्प बसून भागणार नव्हतं. संध्याकाळी विश्रामगृहात ह्यांचं व्याख्यान होतं, सुई या जंगलातून कशी नाहीशी झाली यावर. ते ऐकायला विभागप्रमुख येणार होती, एके काळची ह्यांचीच विद्यार्थिनी. छापायचा लेख हे तिच्याच हातात देणार होते. लेख छापला की पुढच्या वर्षी कुणीतरी इथे येऊन उभं राहणार, सुई ऐकणार, आणि मग जन्मभर कमावलेल्या नावाचं हसं होणार.

मंडळी तिथल्याच खडकावर टेकली, कुणी बुटांच्या नाड्या सैल केल्या. मी ह्यांना बाजूला घेतलं.

"काय गं? गोळी राहिली का माझी?"

"नाही. जरा वर बघा. त्या वाळक्या फांदीच्या शेजारी."

ह्यांनी दुर्बीण लावली. नजर अजून पक्की आहे, लगेच सापडली.

"अगं, सुई!" हे केवढ्यांदा हसले. "आहे की! एक तरी आहे!"

मग हसू ओसरलं. दुर्बीण डोळ्यांवरून हलेना. काय दिसत असेल ते मला ठाऊक होतं. चोच उघडत होती, मिटत होती, एवढासा गळा थरथरत होता.

"ही बोलतेय," हे म्हणाले.

"हो."

"आत्ता?"

"मघापासून."

"आपण सगळे गप्प उभे होतो, तेव्हाही?"

मी होकाराची मान हलवली.

"आणि तू खोकत होतीस."

"मला भीती वाटली हो. तुम्हाला कसं सांगू कळेना."

वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ह्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला आणि सरळ खडकाकडे चालू लागले. मी मागून जवळजवळ धावतच गेले.

"मंडळी, मघाशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं," हे म्हणाले. आवाज वर्गात असतो तसाच होता. "सुई इथेच आहे, आपल्या डोक्यावर. मला ऐकू येत नाही, म्हणून मी तिला मारून मोकळा झालो. संध्याकाळी विभागप्रमुखांनाही हेच सांगणार आहे. लेख देणार नाही. आता तुम्ही नीट ऐकून घ्या."

कुणी हसलं नाही. नर्सबाईंनी बोट करून फांदी दाखवली. सगळे माना वर करून ऐकत होते, आणि हे एकटे त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. मला ते बघवेना.

थोड्या वेळानं माझ्याजवळ आले.

"कशी बोलतेय गं? करून दाखव."

"मला कुठे येतंय? लोक हसतील."

"हसू देत. जरा जाड आवाजात कर, म्हणजे मला कळेल."

मी ओठांचा चंबू केला आणि जमेल तसं ची-ची-चिर्र केलं. दोघा-तिघांनी वळून पाहिलं. हे डोळे मिटून ऐकत होते.

"असं नाही," हे म्हणाले. "शेवटी सूर वर जातो. पुन्हा कर."

मी शेवटी सूर वर नेत पुन्हा केलं.