बाईंच्या छातीतले बिघडलेले ठोके

मी एक जुने हृदय आहे. मित्रांनो, माझ्या बाई आईच्या पोटात डाळीच्या दाण्याएवढ्या होत्या, तेव्हापासून मी कामाला लागले. रविवार नाही, सुट्टी नाही.

बाई मुलांना पोहायला शिकवत. "बाईंचा दम दांडगा!" असे सगळे म्हणत, आणि मी आत फुलून येई. पण लहानपणी त्यांना घसादुखी आणि सांधेदुखीचा ताप आला होता. औषध अर्धवटच झाले. त्या तापाने माझी एक झडप हळूहळू आखडली. रक्त नीट पुढे जाईना. तिच्या मागचा, वरचा कप्पा ताणून ताणून मोठा झाला आणि त्यातली ठोके चालवणारी वीज वाट सोडून भरकटू लागली. माझे ठोके कधी धावत, कधी अडखळत.

मी बाईंना पुष्कळ खुणा केल्या. जिना चढताना दम लागे, उशीवर धडधड ऐकू येई. त्या म्हणत, "वय झालं, दुसरं काय!"

त्यांची मोठी बहीण, ताई, एकदा चिडलीच. "धाकटे, मी तुझ्याहून मोठी. मला कसा नाही दम लागत?"

तरी बाई ढिम्म. एके सकाळी मात्र तलावात शिकवताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांनी शिडी घट्ट धरली. मुलांना तो खेळच वाटला. घरी येऊन बाई ताईंना म्हणाल्या, "मी बुडाले असते तर बुडाले असते गं. पण पोरं माझ्या भरवशावर पाण्यात होती."

दुसऱ्याच दिवशी त्या दवाखान्यात गेल्या.

डॉक्टर म्हणाले, "झडप बदलावी लागेल. पण तेवढ्याने ठोके जागेवर येतीलच असं नाही. छाती उघडतोच आहोत, तर वरच्या कप्प्यांच्या भिंतींवर गोठवून रेघा पाडू. तिथे व्रण धरतात, आणि व्रणातून वीज जात नाही. तिच्या आडवाटा बंद होतात."

"म्हणजे एका दगडात दोन पक्षी," ताई म्हणाल्या.

"ताई, दगड माझ्या छातीत बसणार आहे!" बाई म्हणाल्या. मग डॉक्टरांकडे वळून त्यांनी विचारले, "खात्री देता?"

"खात्री नाही देत. बऱ्याच जणांना फायदा होतो. काहींना पुढे पेसमेकर बसवावा लागतो."

बाई म्हणाल्या, "खरं बोललात. करा."

ऑपरेशनच्या दिवशी माझे काम एका यंत्राने हाती घेतले आणि मला थांबवण्यात आले. म्हणून पुढचे मी पाहिलेले नाही. जाग आली तेव्हा नवी झडप उघडत-मिटत होती आणि माझे ठोके सरळ, एकामागून एक पडत होते. ताई पडद्यावरची रेघ बघून डोळे पुसत होत्या.

पण तो आनंद फार टिकला नाही. काही दिवसांनी दुपारच्या वेळी मी पुन्हा बेताल झाले. बाई भिंतीकडे तोंड करून रडल्या. "सगळं पाण्यात गेलं!"

डॉक्टर खाटेशी बसले. "जखम ओली आहे, सूज आहे. पहिले तीन महिने असं होऊ शकतं. आत्ताच निकाल लावू नका."

मीही मनाशी म्हटले, धीर धर. औषध चालू झाले, सूज उतरली. अडखळणे कमी होत गेले आणि मग थांबलेच. पुढच्या तपासणीत बाईंच्या छातीला दिवसभर ठोके नोंदवणारे यंत्र लावले होते. ती नोंद पाहून डॉक्टर म्हणाले, "अगदी शहाण्यासारखं चाललंय. रक्त पातळ ठेवायची गोळी मात्र मनाने बंद करू नका."

छातीची जखम पुरती भरल्यावर, डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा, बाई पाण्यात उतरल्या. उताण्या तरंगल्या, कान पाण्याखाली गेले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला शांतपणे ऐकले.

आता त्या मुलांना आधी मनगटावर दोन बोटे ठेवून नाडी बघायला लावतात.

"बाई, माझी फार पळतेय!" एक मुलगी ओरडली.

"धावत आलीस ना? मग पळणारच. थोडं बस, पुन्हा बघ."

मित्रांनो, तुमच्या आईची, आजीची नाडी कधी अशी धरून पाहा. ती उगाच अडखळत असेल, तर त्यांना "वय झालं" म्हणू देऊ नका. हात धरलेलाच असेल, तसेच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.