खांद्यापासून वर

“थांबा, थांबा! आधी खोलीत कोण कोण आहे ते सांगा,” मावशी टॅबलेटकडे बघून म्हणाल्या.

“घरचेच आहोत सगळे,” पलीकडचे जाडसर गृहस्थ म्हणाले.

“घरचे म्हणजे किती?”

गृहस्थांनी मान वळवून मोजणी केली. सोफ्यावर पाच, मागे उभे तीन आणि दारात हातात पिशवी घेऊन एक बाई. त्या शेजारच्या, सहज डोकावलेल्या. मावशींनी टॅबलेट पोटाशी उलटा धरला, म्हणजे पलीकडच्यांना त्यांच्या निळ्या एप्रनखेरीज काही दिसू नये, आणि पलंगावरच्या आजींना विचारलं, “शेजारीण आलीय. चालेल का?”

“ती? गावभर करेल!” आजींनी नाक मुरडलं.

“शेजारच्या ताईंनी जरा बाहेर बसावं,” मावशींनी जाहीर केलं. “आणि फोटो कोणी काढायचा नाही. काढलात तर मी बंद करीन.” मगच केस विंचरून, कवळी बसवून आजी पडद्यावर अवतरल्या.

संसर्गाच्या भीतीने इस्पितळाच्या या वॉर्डात नातेवाइकांना आत सोडत नसत. त्याऐवजी चार ते पाच या वेळेत व्हिडिओ कॉल. सगळ्या वॉर्डाला मिळून एक टॅबलेट, त्याचं स्टँड पहिल्याच आठवड्यात मोडलं, आणि तेव्हापासून मावशींचा उजवा हात हेच त्याचं स्टँड झालं होतं. एरवी चादरी बदलायच्या, बेडपॅन द्यायचं, स्ट्रेचर ढकलायचं, अशी सव्वीस वर्षं काढलेली बाई. पण चार वाजले की त्यांना वेगळाच रुबाब चढायचा. पलंगाभोवतीचा हिरवा पडदा ओढून घ्यायच्या, लघवीची पिशवी नजरेआड करायच्या, गळ्यापर्यंत पांघरूण घालायच्या आणि पेशंटच्या कानाशी वाकून विचारायच्या, “काय दाखवू? कोणाला दाखवू?”

“मावशी, आज खेळ किती वाजता?” वॉर्डातला ब्रदर पडदा दिसला की चिडवायचा.

“चारला. तुला तिकीट नाही.”

सिस्टर मात्र वैतागायच्या. एका तासात दहा कॉल उरकायचे, आणि या बाईचं पडदा ओढण्यातच अर्धं घड्याळ जायचं. “आपलेच लोक असतात हो मावशी ते. आपल्या लोकांपासून काय लपवायचं?”

मावशी पडदा आणखी घट्ट ओढून घ्यायच्या. आपल्याच लोकांनी काय केलं होतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांचा नवरा एका मोठ्या ऑफिसात लिफ्टमन होता. रोज कडक इस्त्रीचा गणवेश, वरचं बटणसुद्धा लावलेलं. चार वर्षांपूर्वी तो याच इस्पितळात शेवटच्या अवस्थेत असताना पुतण्याने चांगल्या मनाने फोन लावला आणि लांबच्या सगळ्या नातेवाइकांना काकांचं दर्शन घडवलं. त्यातल्या कोणीतरी पडद्यावरूनच फोटो काढला आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. तोंड उघडं, सदऱ्याची बटणं सुटलेली, कोपऱ्यात पिवळी पिशवी. खाली बेचाळीस जणांनी हात जोडले. कोणाच्याच मनात वाईट नव्हतं, पण नवऱ्याला कोणी विचारलंही नव्हतं. दोन दिवसांनी तो गेला. आता मावशींनी डोळे मिटून लिफ्टच्या दारातला तो टापटीप माणूस आठवायला घेतला, तरी आधी तो फोटोच पुढे यायचा. हे त्यांनी अजून कोणालाही माफ केलं नव्हतं, आणि त्या वेळी पुतण्याच्या हातून फोन काढून घेतला नाही म्हणून स्वतःला तर मुळीच नाही.

अकरा नंबरच्या पलंगावर टेलरकाका आले ते मधुमेहाने काळा पडलेला पाय घेऊन. चौथ्या दिवशी उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. सहीपुरतं आत सोडलेल्या धाकट्या भावाने कागदावर सही केली, आणि काकांनी त्याला तिथेच शपथ घातली की हे लेकीला कळता कामा नये.

लेक एकुलती एक, दूर परगावी. मागच्या खेपेला पाचव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं होतं, आणि आता आठवा लागला होता. डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायचीसुद्धा बंदी केली होती.

“तिला कळलं ना मावशी, तर ती पुढच्या गाडीत बसेल. नवऱ्याचं ऐकणार नाही, डॉक्टरचं ऐकणार नाही,” काका पहिल्या कॉलच्या आधी म्हणाले. “तिला सांगितलंय, पायाला जखम झालीय, ड्रेसिंग चालू आहे. एवढंच. बाळ हातात आलं की मी स्वतः सांगेन. तोवर तुम्ही मला संभाळा.”

“खांद्यापासून वर धरते,” मावशी म्हणाल्या. “त्याच्या खाली आपण नाहीच.”

काका हसले. त्यांच्या दुकानात कपडे घालून बघायला एक चिंचोळी खोली होती, आणि तिच्यात आरसा आतल्या बाजूला लावलेला होता. बाकीच्या टेलरांकडे तो बाहेर असायचा, गिऱ्हाइकाला चारचौघांत येऊन बघावं लागायचं. “माणसानं आधी स्वतःला बघावं, मग लोकांना दाखवावं,” ते सांगत. म्हणून कॉलच्या आधी त्यांना आरसा लागे. वॉर्डात आरसा कुठला? मावशींनी घरून नवऱ्याचा दाढीचा आरसा आणला, मागे तारेची टेकण असलेला. काका त्यात भांग ठीक करत, कॉलर ओढून घेत. मग मावशी आरसा उशाजवळच्या कपाटावर पालथा घालत आणि कॉल लावत.

“बॉबिन, जेवलीस का?” हा काकांचा पहिला प्रश्न ठरलेला. लहानपणी ती दिवसभर मशीनखाली बसून रिकाम्या बॉबिन गोळा करायची, तेव्हापासूनचं नाव.

“जेवले हो बाबा. मावशी, जरा लांब धरा ना. बाबा पूर्ण दिसतच नाहीत.”

“पूर्ण बघून काय करणार आहेस? रोड झालोय, एवढंच,” काका म्हणत. “आणि मावशींचा हात तेवढाच लांब आहे,” अशी मावशींची पुस्ती. तिघंही हसत. तेरा दिवस हे असं बिनबोभाट चाललं.

चौदाव्या दिवशी चारलाच नवीन पेशंट आला. स्ट्रेचर, ऑक्सिजन, सिस्टरांच्या हाका, नुसती पळापळ. मावशी अकरा नंबरशी पोचल्या तेव्हा पाचला सात मिनिटं उरली होती. त्यांनी पडदा ओढला, काकांच्या हातात आरसा दिला, त्यांनी भांग ठीक केला, आरसा परत दिला. तेवढ्यात सिस्टरांनी बाहेरून हाक मारली, “मावशी, आटपा!” मावशींनी आरसा कपाटावर ठेवला आणि कॉल लावला.

“बाबा, हे बघा, मी झबलं शिवलंय. हातानं. टाके बघा.” लेकीने पांढरं झबलं पडद्यासमोर धरलं.

“जवळ आण. हं. काखेत कापड ओढलं जातंय बघ. तिथं थोडं सोड, बाळाला काचेल.”

“कुठं, इथं?” म्हणत तिने झबलं खाली घेतलं आणि बोलता बोलता थांबली. तिची नजर वडिलांच्या चेहऱ्यावर नव्हती, जराशी बाजूला होती.

मावशींनी त्या नजरेचा माग काढत कपाटाकडे पाहिलं. आरसा पालथा घालायचा राहिला होता. तो टेकणीवर उभा होता, आणि त्यात पलंगाची खालची बाजू लख्ख दिसत होती. पांढऱ्या चादरीखाली एका पायाचा उंचवटा टोकापर्यंत गेलेला. त्याच्या शेजारी दुसरा गुडघ्याशीच संपलेला, आणि पुढे नुसती सपाट चादर.

त्यांनी चटकन टॅबलेट वळवला. लेक पुन्हा बोलू लागली होती. “बाबा, मग किती सोडू? पाव इंच?”

“पाव इंच पुरे,” काका म्हणाले. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

कदाचित तिलाही दिसलं नसेल, असं मावशी स्वतःला समजावत राहिल्या. सव्वापाचला टेबलावरचा फोन वाजला. “मावशी, तुम्हाला,” सिस्टर रिसीव्हर पुढे करत म्हणाल्या. मावशींचे हात ओले होते, ते त्यांनी एप्रनला पुसले.

“मावशी, मी बोलतेय. अकरा नंबरची मुलगी.” आवाज शांत होता. “कुठला पाय?”

मावशींना खोटं बोलता आलं असतं. घशापर्यंत आलंही होतं. “उजवा,” त्या म्हणाल्या.



“मशीन उजव्यानं चालवायचे ते,” लेक म्हणाली. “डावा नुसता टेकलेला असायचा. मी खाली बसून तेच बघायचे हो दिवसभर.” मग ती रडली. मावशी रिसीव्हर कानाशी धरून उभ्या राहिल्या. 

“माझी चूक झाली गं ताई,” शेवटी त्या म्हणाल्या. “आरसा पालथा घालायला विसरले. त्यांनी तुझ्यासाठीच लपवलं होतं. तू निघून येशील म्हणून.”

“माहितेय. आणि निघालेच असते.” तिने नाक ओढलं. “पण येत नाही मी. त्यांनी ज्याच्यासाठी लपवलं, ते तरी नीट संभाळते. मावशी, मला कळलंय हे त्यांना सांगू नका. त्यांना सांगायचंय ना, तेव्हा ते सांगतील. तोवर मला काही दिसलेलं नाही.”

“बरं.”

“आणि आरसा काढून नका घेऊ त्यांचा. त्यांना लागतो तो.”

त्या संध्याकाळी मावशी घरी गेल्या आणि चहा पुढ्यात ठेवून तशाच बसून राहिल्या. आपल्या हातून कोणाचं तरी झाकलेलं उघडं पडलं, हे त्यांना डाचत होतं. आणि तरीही काहीतरी हलकं वाटत होतं. बघूनही न बघितल्यासारखं करणारं एक तरी आपलं माणूस त्या टेलरला होतं. आपल्या नवऱ्याच्या वेळी बेचाळीस होते, त्यांत असं एक निघालं असतं तर, असं त्यांच्या मनात आलं आणि चहा निवून गेला.

दुसऱ्या दिवशी चारला मावशींनी पहिला नंबर अकराचाच लावला. पडदा ओढला, आरसा दिला. काकांनी आज जरा जास्तच वेळ घेतला.

“कसा दिसतोय?”

“नवरदेव.”

“चहाटळपणा पुरे,” काका खूश होऊन म्हणाले. मावशींनी टेकण मिटून आरसा एप्रनच्या खिशात टाकला, वरून हात फिरवून तो आत असल्याची खात्री केली, आणि कॉल लावला.

लेक दिसली ती अंधारलेली. खिडकी पाठीमागे घेऊन बसली होती, चेहरा नीट दिसतच नव्हता.

“दिवा लाव ना गं,” काका म्हणाले.

“बल्ब गेलाय बाबा. राहू दे, आवाज तर येतोय ना?”

मावशींनी हजार कॉल धरले होते. रडून सुजलेले डोळे लपवायला माणूस खिडकीकडे पाठ करून बसतो, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी सवयीने टॅबलेट खांद्याच्या रेषेवर आणला.

“मावशी,” लेक म्हणाली, “जरा जवळ धरा. अजून जवळ. मला बाबांचा चेहराच बघायचाय.”

“बघ की, बघ,” काका म्हणाले. मावशींनी टॅबलेट पुढे नेला, इतका की काकांचं कपाळ वर कापलं गेलं आणि गळ्याखालचं काहीच उरलं नाही.

“काख सोडली का?”

“सोडली. पाव इंच. आता ओढत नाही.”

दहा मिनिटं दोघं झबल्यावर बोलली. बटण नको, बंद लाव, बटण बाळ तोंडात घालतं. शिवण उलटी ठेव, बाळाच्या अंगाला टोचता कामा नये. लेक प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होती. शेवटी ती म्हणाली, “बाबा, बाळ झाल्यावर बाकीचं सगळं तुम्हीच शिवायचं हं.”

काकांच्या ओठांची किंचित हालचाल झाली. “शिवू की,” ते म्हणाले. “हातमशीन पण असतं.”

“असतं ना,” लेक लगेच म्हणाली. “ते छान असतं.”

कॉल संपला. काकांनी मान उशीवर टेकली आणि समाधानाने मावशींकडे पाहिलं. “जमलं बघा आपलं. तिला कसलाही संशय नाही. भोळी आहे हो माझी पोर.”

“आहे खरी,” मावशी म्हणाल्या.

बाहेरून सिस्टरांनी हाक मारली, बारा नंबर वाट बघत होता. मावशींनी पडद्याला हात घातला, पण ओढला नाही. काका डोळ्यांवर मनगट ठेवून पडले होते, आणि त्यांचे खांदे हलत होते. मावशी पडद्याच्या आतच, त्यांच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

“आले, आले,” त्यांनी बाहेर आवाज दिला. “दोन मिनिटं. कॉल चालू आहे.”