काकूंना चालवता येईल असं दुकान

घटस्फोटाला वर्ष उलटून गेल्यावर एका सकाळी त्याला पूर्वीच्या सासूबाईंचा फोन आला. "अरे, तू अजून ती दुकानांच्या वेबसाइटची कामं करतोस ना? मला एक करून हवी आहे," त्या म्हणाल्या. मधलं वर्ष जणू कोणी घडी घालून माळ्यावर टाकून दिलं होतं.

त्याचा धंदा तोच होता. लहान दुकानदारांना वेबसाइट करून द्यायची. एक साबणवाली, एक चपला शिवणारा, जुनी पुस्तकं विकणारे दोन भाऊ, अशी त्याची गिऱ्हाइकं. सासूबाईंना सगळी गल्ली लोकरवाल्या काकू म्हणायची. पांढरी लोकर आणून त्या घरीच रंगवायच्या. मागच्या खोलीत शेगड्यांवर मोठाली पातेली, दोऱ्यांवर वाळत घातलेल्या लड्या, आणि काकूंच्या नखांच्या कडेला कायम कुठला ना कुठला रंग. आजवर त्या बाजारात टेबल मांडून विकत. आता गुडघे कुरकुरायला लागले होते, टेबल उचलवत नव्हतं.

"शनिवारी येतो," तो म्हणाला. शनिवार उजाडला तेव्हा तो शर्टाला इस्त्री करत होता. एरवी गिऱ्हाइकाकडे तो चुरगळलेलाच जायचा.

बायकोची आठवण येत नसे असं नाही, पण ती एव्हाना बोथट झाली होती. दोघांचं जमलं नाही, आदळआपट न होता विस्कटलं, ती दुसऱ्या देशात नोकरीला निघून गेली. खरी कळ यायची ती त्या घराची. त्याची स्वतःची आई फार लवकर गेलेली, वडील घुमे. "जेवलास का" असं विचारून उत्तरासाठी थांबणारं माणूस त्याला पहिल्यांदा भेटलं ते काकूंच्या स्वयंपाकघरात. कागदांवर सह्या करताना आपण बायकोपासून वेगळे होतोय एवढंच त्याला कळलं होतं. तिच्याबरोबर ते स्वयंपाकघर, ओल्या लोकरीचा वास आणि काकूंची अखंड टकळीही जाईल, हे कोणी सांगितलं नव्हतं.

दारात उभं राहिल्यावर पहिली पंचाईत हाक मारण्याची झाली. लग्न होतं तोवर तो त्यांना आई म्हणायचा. आता आई म्हणावं तर आगाऊपणा, काकू म्हणावं तर जीभ वळेना. शेवटी हाक न मारताच बोलायची त्याने सवय लावून घेतली. काकूंच्या ते लक्षात आलं असणार, पण त्यांनी कानाडोळा केला.

"हं, समजावून सांग," त्या म्हणाल्या. "आणि सोप्या भाषेत. मागे तू मोबाइल समजावलास तेव्हा मी महिनाभर त्यात नुसतं घड्याळच बघत होते."

तो हसला. "दोन प्रकार आहेत. एक म्हणजे तयार दुकान. महिन्याचं भाडं भरायचं, कपाटं, काउंटर, पैसे घ्यायची सोय, सगळं मिळतं. आपण फक्त माल मांडायचा. फोटो काढला, किंमत लिहिली, झालं. दुसरा म्हणजे मी पहिल्या विटेपासून बांधून द्यायचं. हवं तसं होईल. पण काही बदलायचं झालं तर मला सांगावं लागेल."

"तू कुठलं घेशील?"

साबणवालीला त्याने चहा निवायच्या आत तयार दुकान घ्यायला सांगितलं होतं. एकटी बाई, थोडा माल, सतत बदलणारा साठा. अशा दुकानाला काय हवं, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

"बांधलेलं बरं," तो म्हणाला. "तयार दुकानं सगळी एका साच्यातली दिसतात. तुमच्या रंगांना ते शोभणार नाही."

हे अगदीच खोटं नव्हतं, म्हणून बोलायला सोपं गेलं.

मग शनिवार सुरू झाले. तो लॅपटॉप घेऊन यायचा, रॅकमधला आपला जुना कप आपणच काढायचा आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा. सगळ्यात जास्त छळलं ते रंगांनी. काकूंची शेवाळी लोकर पडद्यावर निळी दिसायची, विटकरी गुलाबी व्हायची. पांढऱ्या कागदावर फोटो काढले तर रंग भडक, काळ्यावर मेलेले. बरीच झटापट झाल्यावर राखाडी पुठ्ठा आणि खिडकीतला सकाळचा उजेड यांच्यावर दोघांचं एकमत झालं. अक्षरं मोठी ठेवायची हे काकूंनी ठरवलं. "विणणाऱ्या बायका माझ्याच वयाच्या असतात. त्यांना मुंग्या वाचायला लावू नकोस." रंगांची नावंही त्यांचीच. एक होता "उरलेला चहा", एक "शेजारणीचं दार". शेजारणीला ते कळल्यावर तिने दाराला नवा रंग दिला.

वाद झाला तो संपलेल्या मालावरून.

"विकलं गेलं की ते पानावरून काढून टाकायचं," त्याने सांगितलं. "नाहीतर लोक आशेने बघतात आणि चिडतात."

"चिडू देत. एकदा निघालेला रंग पुन्हा तसाच निघत नाही. असा रंग होता, एवढं तरी दिसू दे."

"दुकानात नसलेला माल कोणी मांडतं का?"

"मी मांडते."

त्याने शेवटी खाली एक वेगळी फळी करून दिली. तिला काकूंनी नाव दिलं, "गेलेले रंग".

दुकान चालू झालं आणि चांगलं चाललंही. काकूंना अनोळखी गावांतून ऑर्डरी यायला लागल्या. नवीन लोकर रंगवून वाळली की त्या फोन करायच्या, आणि तो शनिवारी येऊन फोटो चढवायचा. काकूंना स्वतःला फोटो चढवता येतील असं एक पान करणं त्याला काही जड नव्हतं. काकूंनी ते एकदा विचारलंही. "बघू, सवडीने करू," असं म्हणून त्याने विषय बदलला. ती सवड त्याला कधी झाली नाही.

मग एका शनिवारी काकू पातेल्यातली लोकर ढवळत, त्याच्याकडे पाठ करून म्हणाल्या, "ती येतेय. एकटी नाही. तिकडे तिने एकजण ठरवलाय. महिनाभर राहतील."

"चांगलं झालं."

"तर ते असेपर्यंत... तू येऊ नकोस. तुला अवघड, त्या मुलालाही अवघड."

"बरोबर आहे," तो म्हणाला. त्याला खरंच ते बरोबर वाटलं. त्याने लॅपटॉप मिटला. "आणि ही नवीन लोकर?"

"राहू दे. तू येशील तेव्हा चढवू. लोकर काही नासत नाही."

त्यानंतरच्या आठवड्यांत दुकानातला माल एकेक करून संपत गेला. गिऱ्हाइकांचे निरोप त्याच्याकडेच यायचे, कारण तशी सोयही त्यानेच केली होती. नवीन रंग कधी येणार, काकू आजारी आहेत का, दुकान बंद केलं का. एका दुपारी त्याने काकूंचं पान उघडलं. वरच्या सगळ्या फळ्या रिकाम्या होत्या. खाली फक्त "गेलेले रंग" ओळीने उभे होते. तिकडे मागच्या खोलीत दोऱ्या भरून लोकर वाळून पडलेली असणार, आणि आपण नाही म्हणून ती दुकानात यायची थांबलीय, हे त्याला फार लागलं. काकूंना आपली गरज असावी म्हणून आपण त्यांना पांगळं करून ठेवलंय, असं त्याच्या मनात आलं, आणि मग ते मनातून जाईना.

त्याने दुसऱ्या दिवसापासून हातातली बाकीची कामं बाजूला सारली आणि काकूंचं दुकान तयार दुकानात हलवायला घेतलं. राखाडी पार्श्वभूमी तशीच ठेवली, अक्षरं तेवढीच मोठी. फोटो चढवायचं बटण सगळ्यात वर, अंगठ्याच्या टप्प्यात आणलं. निरोप थेट काकूंच्या मोबाइलवर जातील असं केलं. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो "गेलेले रंग"च्या फळीने. तयार दुकानाला संपलेला माल लपवायची खोड होती. ती मोडायला त्याला बरीच खटपट करावी लागली, पण फळी त्याने राखली.

मग फोन केला.

"वरती अधिकचं चिन्ह दिसतंय?"

"चिन्ह नाही, फुली आहे."

"उभी का तिरकी?"

"थांब, चष्मा कुठे गेला... उभी."

"तेच. त्यावर बोट ठेवा. आता कॅमेरा उघडला?"

"उघडला. माझंच थोबाड दिसतंय यात."

पलीकडे कोणीतरी खळखळून हसलं. ते हसू त्याने लगेच ओळखलं. मग एका पुरुषाचा हळू आवाज आला, भांड्यांचा आवाज आला, खुर्ची सरकली. सगळं घर भरलेलं होतं. तो मोबाइल कानाला घट्ट लावून बसला.

"हॅलो, मी बोलतेय," लेकीने फोन घेतला होता. "बोलता बोलता आईची बोटं चुकतायत. मला सांग, मी दाखवते तिला."

त्याने सांगितलं, तिने आईला दाखवलं. काकूंनी स्वतः एक फोटो चढवला आणि तो पानावर आल्यावर समाधानाने "हं" केलं.

"इतकं सोपं होतं," लेक म्हणाली, "तर आधीच असं का नाही केलंस?"

ही सोय मागाहून निघाली, असं काहीही सांगता आलं असतं. तिला त्यातलं कळलं नसतं.

"मला यायचं होतं," तो म्हणाला.

ती बहुतेक दुसऱ्या खोलीत गेली, कारण भांड्यांचा आवाज लांब गेला.

"तू येतोस हे मला माहीत होतं. आई बोलली नाही कधी. पण शनिवारी माझा फोन उचलायची नाही. मीही विचारलं नाही. ती एकटी नसायची, एवढंच मला पुरे होतं. आईला देऊ परत?"

"नको. जमलं त्यांना," तो म्हणाला.

लेक आणि तिचा होणारा नवरा परत गेले. दुकान काकूंच्या हाती नीट चाललं. तो शनिवारी सकाळी उठून पान उघडायचा. सुरुवातीचे फोटो वाकडे होते, एकात तर काकूंचं अर्धं बोट आलं होतं. सांगावंसं वाटे, पण त्याने सांगितलं नाही. हळूहळू फोटो सुधारले. "पाहुण्यांची घाई" नावाचा एक पिवळा रंग आला आणि संध्याकाळपर्यंत संपलाही. त्याला फोन करायचं आता कोणालाच कारण उरलं नव्हतं. इस्त्री केलेला शर्ट तसाच हँगरवर लटकून होता.

थंडी पडायला लागली तेव्हा काकूंचा फोन आला. "येतोस का आज?"

"काय अडलंय?"

"अडलं काही नाही."

तो गेला. खिडकीजवळच्या खुर्चीवर पार्सलांचे खोके रचलेले होते, त्यामुळे तो टेबलापाशी बसला. काकूंनी चहा आणला तो पाहुण्यांच्या कपात, बशीसकट. तो ती बशी बघत राहिला. दुकानाबद्दल विचारलं, तर सगळं ठीक होतं. गुडघ्यांबद्दल विचारलं, तर तेही बरे होते.

चहा संपल्यावर काकूंनी गडद जांभळी लोकर आणली, त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "हात पुढे कर. दोन्ही."

त्यांनी लडी त्याच्या दोन हातांवर चढवली आणि टोक शोधून गुंडा गुंडाळायला घेतला. धागा एकदा या हातावरून सुटे, एकदा त्या. त्याला काही करायचं नव्हतं, फक्त हात धरून बसायचं होतं. काकू बोलत होत्या, लेकीच्या लग्नाची तारीख, तिकडचं घर, शेजारणीच्या दाराचा नवा रंग. तो ऐकत होता. हातावरची लडी पातळ होत चालली होती.

"आखडू नकोस रे, सैल धर," काकू म्हणाल्या.

त्याने हात सैल केले. "अजून आहेत का गुंडाळायच्या?"

"नाही, ही एकच," त्या म्हणाल्या, आणि गुंडाळत राहिल्या.