तीन सारख्या कमानी

टबात बारा वस्तू होत्या: चार लोखंडी कमानी आणि आठ बोल्ट. कमानींपैकी एक रुंद, उरलेल्या तीन हुबेहूब सारख्या. बारांपैकी एकाही वस्तूवर तेलाचा किंवा काजळीचा ठिपकासुद्धा उरला नव्हता.

हा पराक्रम आत्याचा. थोरलीचे वडील दाताच्या डॉक्टरकडे गेले, तेवढ्यात आत्याने शेडमध्ये शिरून गोणपाटावर मांडलेलं काळंकुट्ट लोखंड डिझेलमध्ये बुडवलं, तारेच्या ब्रशने घासघास घासलं, जुन्या चादरीने कोरडं केलं आणि टबात भरून ठेवलं. चार दिवसांच्या सुट्टीवर आलेल्या थोरलीला तिने कौतुकाने टब दाखवला, तेव्हा थोरलीने आधी रिकाम्या गोणपाटाकडे पाहिलं.

बाकावर भोपळ्याचं इंजिन उलटं पडलं होतं. भोपळा म्हणजे घरचा ट्रॅक्टर, वय वर्षं अडतीस, मूळचा नारिंगी, आता नेमका कुठल्या रंगाचा ते सांगणं कठीण. इंजिनाचा कणा म्हणजे क्रँकशाफ्ट. त्याला या चार कमानी जागेवर धरून ठेवतात. प्रत्येक कमान तिच्या जागेपुरती कातलेली असते. जागा बदलली की शाफ्ट आवळतो, आणि तसंच चालवलं तर बेअरिंग जळून इंजिन कायमचं बसतं. कारखान्याने कमानींवर ठोकलेले आकडे कुठल्याशा जुन्या दुरुस्तीत घासून गेले होते. वडील कमानी काढतील तशा गोणपाटावर ओळीने मांडत, पुढची पुढे, मागची मागे. खूण करायची गरज त्यांना कधी वाटली नव्हती.

आत्याला हे समजावून सांगितल्यावर ती आधी ओशाळली, मग फणकारली. खूण नाही, पाटी नाही, तिला काय स्वप्न पडणार होतं?

वडील परतले ते एक सुजलेला, बधिर गाल घेऊन. टब पाहून चिडले नाहीत. "घरचीच माणसं आहेत ती," ते तोंडाच्या एका बाजूने म्हणाले. "चेहऱ्यावरून ओळखतो मी."

"चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतोस, दादा," आत्या म्हणाली, "आणि लोखंड ओळखतोस होय?"

थोरली हसली. मनात तिने हिशेबही मांडला. रुंद कमान मागचीच, तिच्याबद्दल वाद नाही. उरलेल्या तीन कमानी तीन जागी सहा प्रकारे बसू शकतात. सहाच्या सहा लावून पाहिले तरी दीड दिवसाचं काम. तिने भिंग घेऊन कमानी निरखल्या. एकीवर ओतकामातला बारीक खड्डा होता, एकीवर ओरखडा, तिसरी कोरी. वहीत तिने तीच नावं घातली: खड्डा, ओरखडा, कोरी.

वडिलांनी लावायला सुरुवात केली. बोल्ट टॉर्क पान्याने ठराविक जोराला आवळायचे, शाफ्टच्या टोकाला फूटभर लांबीची दांडी बसवायची, दांडीला स्प्रिंगचा ताणकाटा अडकवून थोरलीने ओढायचं आणि शाफ्ट किती किलोला हलतो ते वाचायचं. हा काटा तिनेच कॉलेजात असताना आणला होता. तेव्हा वडिलांनी तिला 'मास्तर' म्हणून चिडवलं होतं, आणि पुढे स्वतःच नियम केला होता की दोन किलोच्या आत हलेल तोच शाफ्ट मोकळा. पहिल्या खेपेला काटा नऊ किलोवर गेला. वडिलांनी मान हलवली, बोल्ट सोडले, कमानी पुन्हा तळहातावर तोलल्या. गुरुवारी चार खेपा झाल्या, शुक्रवारी सात.

शुक्रवारी संध्याकाळी चहा घेता घेता तिने वही उघडली आणि चहा तसाच राहिला. अकरा खेपांत तीनच प्रकार लागले होते. ओरखडा पुढे, कोरी मध्ये, खड्डा तिसरा, हा एकच प्रकार सात वेळा. आणि दर वेळी वडील म्हणाले होते, हे अजून करून पाहिलं नाही.

ती वही घेऊन त्यांच्याजवळ गेली. त्यांनी सगळं पान वाचलं, बोटाने एकेक ओळ मोजली.

"बाबा, हे सातदा झालंय."

"तू चुकीचं लिहिलंयस, मास्तर," ते शांतपणे म्हणाले आणि वही परत दिली. "मी सातदा तेच कशाला लावेन? मला काय वेड लागलंय?"

तिने न लावलेले तीन प्रकार वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले.

शनिवारी दुपारी ते झोपले तेव्हा तिने शेडचं दार लोटून घेतलं. उरलेल्या तीन प्रकारांपैकी पहिला अडकला. दुसरा म्हणजे खड्डा पुढे, ओरखडा मध्ये, कोरी तिसरी. काटा पावणेदोन किलोवर पोचला आणि शाफ्ट लोण्यासारखा फिरला. तिने आत्याला हाक मारली. आत्याने दोन बोटांनी दांडी ढकलून पाहिली आणि पदराने डोळे पुसले.

"तू लावलंस असं सांगू नकोस बाळ," ती म्हणाली. "त्यानेच सकाळी लावलं म्हणून सांग. काय बिघडतंय?"

थोरलीला खोटं जमत नसे, पण वडील उठल्यावर तिने तसंच सांगितलं. वडिलांनी तळवा दांडीवर ठेवला, शाफ्ट एकदा फिरवला, पुन्हा फिरवला.

"हे मी लावलेलं नाही. ढिलं आहे. तेलाचा दाब टिकणार नाही."

"बाबा, पावणेदोन किलो. तुमचाच नियम आहे, दोनच्या आत."

"काटा बिघडलाय तुझा." आणि त्यांनी पाना उचलला.

तेवढ्यात बाहेर ट्रॉली थांबली. पोल्ट्रीवाला आपल्या ट्रॅक्टरचं इंजिन घेऊन आला होता. महिनाभर आधी बोलून ठेवलं होतं म्हणे. थोरली दारातच त्याच्यासमोर उभी राहिली. बाबांची तब्येत हल्ली बरी नसते, इंजिन दुसरीकडे दिलं तर बरं, असं ती चाचरत म्हणाली. पोल्ट्रीवाल्याने तिच्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं. वडील पान्याला जोर लावत होते, हात जराही थरथरत नव्हते, बोल्ट एकसारख्या अंतराने ओळीत ठेवले जात होते.

"तब्येत तर ठणठणीत दिसते," तो म्हणाला. "माझ्या वडिलांचाही ट्रॅक्टर त्यांनीच बांधला होता. तुम्ही शहरात राहता, तुम्हाला उगाच काळजी वाटते. या हाताला जोड नाही."

आतून वडिलांनी इंजिन दुसऱ्या बाकावर ठेवायला सांगितलं. सोमवारी उघडतो म्हणाले. सोमवारी पहाटे थोरलीची गाडी होती. तिने आत्याकडे पाहिलं, आत्याने टबाकडे. दोघींनी मिळून ट्रॉलीचं फळकूट पाडून इंजिन उतरवायला मदत केली, कारण एकट्या पोल्ट्रीवाल्याला ते शक्य नव्हतं.

तो गेल्यावर वडिलांनी मोकळ्या कमानी तळहातावर घेतल्या. एकेकीला अंगठ्याने कुरवाळलं. ओरखडा पुढे ठेवला, कोरी मध्ये, खड्डा तिसरा. आठही बोल्ट तीन टप्प्यांत, मधून कडेला, पान्याचा टक् आवाज येईपर्यंत आवळले. काम इतकं नेटकं होतं की कुणी शिकाऊ कारागिरांना दाखवावं. मग हात पुसत ते मागे सरकले. गालावरची सूज उतरली होती, चेहरा प्रसन्न होता.

"हे एवढंच राहिलं होतं बघायचं," ते म्हणाले. "ओढ, मास्तर."

तिने काटा दांडीच्या टोकाला अडकवला आणि सावकाश, काटकोनात ओढला. शाफ्ट साडेनऊ किलोला हलला.