दत्तरावांच्या वाटची बियर

“आण्णा, उंबरा वलांडू नका! तिथंच थांबा,” माझा लेक बालाजी दारात आडवा हात धरून ओरडला.

ऐन दुपार होती. आमच्या चुडाव्याच्या घरासमोर, लिंबाखाली, माझे मालक उभे होते. अंगात कुणाचा तरी ढगळ निळा सदरा, पाय अनवाणी. कालच त्यांचा तेरावा झाला होता.

मालक, दत्तराव, रेल्वेत कीमॅन होते. खांद्यावर हातोडा टाकून रोज रूळ तपासत चालायचे. खाली बघून बघून मानेला जो बाक आला, तो रिटायर झाल्यावरही गेला नाही. वर्षातून एकदा मात्र पासावर समुद्राला जायचे. सोबत बन्सीधर, त्यांच्याच गँगमधला. तीन दिवस, एक साधी खोली आणि संध्याकाळी वाळूतल्या पत्र्याच्या बारात तिथलीच बियर. दोघांत एक बाटली. परत आले की महिनाभर मला तेच सांगायचे. बाटलीवरून पाणी कसं ओघळतं, तळलेला मासा कसा कुरकुरतो, लाट पायाखालची वाळू कशी ओढून नेते.

“मलाबी न्या की एकदा,” मी म्हणायची.

“तू तिथं काय करशील? चहाबी धड मिळत न्हाई,” ते म्हणायचे. बेचाळीस वर्षांत मी समुद्र पाहिला नाही. पण तो बार आजही मला खुर्च्यांसकट दिसतो.

यंदा बन्सीधर एकटाच परत आला. “वैनी, अर्धी बाटली टेबलावर ठिवून दत्ता पाण्याकडं गेला. ‘आलोच’ म्हणला,” एवढंच बोलून तो ओसरीवर बसून रडला. वाळूवर चपला सापडल्या. आठ दिवस शोध झाला, मालक सापडले नाहीत.

असा माणूस हरवला तर आमच्याकडे बारा वर्षं वाट बघतात, मग पुतळा करून जाळतात. पण नात सृष्टीचं लग्न पुढच्या महिन्यावर आलं होतं.

“बारा वर्षं पोरीला घरात बसवू का, आई?” बालाजी म्हणाला. गावचे भटजी जोशीकाका यांनी होकारार्थी मान हलवली. पळसाच्या पानांवर कणकेचा पुतळा निजवला. कणीक मीच मळली होती. नदीकाठी बालाजीनं अग्नी दिला आणि मी कुंकू पुसलं.

आणि आता ते लिंबाखाली उभे होते. आम्ही काय करतो ते पाहुण्यासारखे बघत होते. कोळ्यांनी पाण्यातून काढलं, म्हणाले. बरेच दिवस त्यांच्याकडंच पडून होतो. नाव आठवत नव्हतं, तोंडात फक्त चुडावा स्टेशन येत होतं. त्या लोकांनी गाडीत बसवून दिलं.

“एक दिवस सकाळी अंगाची लय आग झाली,” ते म्हणाले. “भाजल्यागत. कोळीण पाणी वतत व्हती, तरी इझंना.”

दिवस कोणता, हे कुणी विचारलं नाही.

गाव जमलं. बन्सीधर धावत आला आणि त्यांना मिठी मारायला गेला, तर ते मागे सरकले. त्याच्याकडे निरखून बघत म्हणाले, “नदीवर बियर तुमीच ठिवली व्हती ना?”

बन्सीधरचे हात तसेच हवेत राहिले.

“स्टीलच्या गिलासात. लय गरम व्हती.”

दहाव्याला पिंडाजवळ मालकांच्या आवडीचं ताट ठेवलं होतं. जोशीकाकांना दिसू नये म्हणून बन्सीधरनं दगडाआड ग्लासभर बियर ठेवली होती. त्याला आणि मला सोडून हे कुणालाच माहीत नव्हतं. बन्सीधर वळला आणि रुळाकडं चालत सुटला. त्यानंतर तो आमच्या गल्लीत आला नाही.

जोशीकाका माझ्याजवळ आले. “जाळलेल्या माणसाला तसंच आत घेता येत न्हाई, सरजाबाई. फिरून जन्म द्यावा लागतो, फिरून लगीन लावावं लागतं. पण आधी तुमी सांगायचं. ह्यो तुमचा माणूस हाय का?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी जवळ गेले. उजव्या अंगठ्यावर हातोड्याचा जुना व्रण होता. अंगाला खारट, ओला वास येत होता. मान मात्र सरळ होती, तरण्या माणसासारखी ताठ.

“मला वळखलं का?” मी हळूच विचारलं.

त्यांनी वाकून माझा चेहरा बघितला. “न्हाई, बाई,” म्हणाले. खोटं बोलावंसं त्यांना वाटलं नसावं.

मी नाही म्हटलं असतं तर त्यांना परत स्टेशनवर सोडून आले असते. आणि त्या गाडीत बसून ते कुठं जाणार होते?

“माझेच हायेत,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

त्यांना तुपानं माखून मोठ्या घंगाळात बसवलं, मुठी मिटून, तान्ह्या लेकरासारखं. मग आंघोळ, मग बारसं. नाव तेच ठेवलं. पाळणा म्हणायला एकही बाई पुढं येईना, म्हणून मीच म्हटला. तिसऱ्या दिवशी अंतरपाट धरला. बासष्टाव्या वर्षी मला हळद लागली. सृष्टी हसत होती आणि रडतही होती.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन ओसरीवर गेले. मला बघून ते अदबीनं उठले आणि सतरंजीवर जागा करून दिली.

“बसा ना. समद्यांची नावं सांगितली लोकांनी. तुमचं राहिलं.”

मी पदर नीट केला आणि हातभर अंतर राखून बसले.

“मी सरजा. माहेर पालम.”

“पालम कुठं आलं?”

मग मी पालमपासून सांगायला सुरुवात केली.