वन्संनी इंजिनं धुतली

दातांच्या डॉक्टरीणबाई दवाखान्यातून दुपारी घरी आल्या, तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर टॉवेल अंथरलेला आणि त्यावर त्यांनी हौसेनं जमवलेली खेळातल्या आगगाडीची सहाच्या सहा इंजिनं ओळीनं निथळत ठेवलेली.

"घासूनपुसून लख्ख केलीत बघ," वन्सं कौतुकानं म्हणाल्या. त्या चार दिवसांसाठी पाहुण्या आल्या होत्या आणि रिकामं बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. "किती काजळी धरली होती!"

ती काजळी मुद्दाम रंगवलेली होती. खऱ्या कोळशाच्या इंजिनाला चढते तशी, केसाएवढ्या ब्रशनं. पण नणंदेपुढे बोलायची सोय नव्हती. "पाण्यात बुडवली का?" एवढंच कसंबसं विचारलं.

"छे गं! नुसती नळाखाली धरली."

मग बाईंनी बाह्या सरसावल्या. हेअर ड्रायर आला, कापूस आला, दवाखान्याच्या बॅगेतलं भिंग आलं. काजळी रंगाची होती म्हणून बरीचशी टिकली होती. सगळ्यात लाडक्या काळ्या इंजिनाची शिट्टी मात्र गायब होती. वन्संचा चेहरा उतरला. त्यांनी पदर खोचला, मोरीची जाळी उपसली, भांड्यांचा ब्रश पिंजून काढला, आणि तांदळाच्या दाण्याहून लहान ती पितळी शिट्टी ब्रशच्या केसांतच सापडली!

बाईंनी ती चिमट्यात धरली आणि गोंदाच्या थेंबावर अलगद टेकवली.

"बघू," म्हणत वन्संनी भिंग डोळ्याला लावलं. आणि त्या इंजिनाच्या खिडकीतून आत डोकावल्या.

"अगं बाई! आत घड्याळं आहेत इवलीशी. त्यांना काटेसुद्धा!"

"वाफेचा दाब दाखवणारी."

"आणि हे फावडं! बनवणाऱ्याला कामधंदा नव्हता वाटतं," म्हणाल्या खऱ्या, पण भिंग काही सोडेनात. "चालतं का गं हे?"

"चालत होतं," बाई म्हणाल्या.

दोघींनी बैठकीच्या खोलीत जमिनीवर रूळ जोडले. बाईंनी बटण फिरवलं. काहीच नाही. पुन्हा फिरवलं. इंजिनानं एक आचका दिला, जरा विचार केल्यासारखं थांबलं आणि निघालं की डुलत! चाकांचे दांडे खालीवर होऊ लागले. वन्सं चक्क पालथ्या पडून, गाल फरशीला टेकवून बघत होत्या. इंजिन अंगावरच येतंय असं वाटून त्यांनी एकदा डोळेही मिटले. मग इंजिनामागे डबेही जोडले गेले.

संध्याकाळी नवरोबा घरी आले, तर बहीण आणि बायको शेजारी शेजारी जमिनीवर आडव्या.

"काय गं ताई, पडलीस की काय?"

"शू! वळण येतंय."

"आणि चहा?"

"तूच ठेव," ताई मान न वळवता म्हणाली. "पण जरा दबकत जा बाबा. तू पाय आपटलास की डबे घसरतात."