दहिवलीच्या वळणावरचा भोंगा

मित्रांनो, पितळेचे वाकडे नळकांडे, पुढे पसरट तोंड आणि मागे मुठीएवढा रबरी गोळा, असा मी मोटारीचा भोंगा आहे. गोळा दाबला की मी ओरडायचो, सोडला की गप्प.

मुंबईच्या एका कारखान्यात मला घडवले. आबाजी नावाच्या गृहस्थांनी कर्जत स्टेशनपासून खालापूरपर्यंत सर्व्हिस मोटार सुरू केली, तेव्हा त्यांच्या मोटारीवर मला बसवले. मोटार हाकायला दहिवलीचा लडकू होता. आधी तो बैलगाडी हाकायचा. पनवेलला राहून मोटार शिकून आला होता.

पहिली दोन वर्षे माझे फार कौतुक झाले. मी लांबून वाजलो की भातखाचरातली माणसे काम थांबवून बघत. गाडीवान बैल बाजूला घेत. दहिवलीची चिमुरडी पोरे तर 'पों पों' करीत मोटारीमागे धावत. मला वाटे, रस्ता मीच मोकळा करतो. हळूहळू लडकूलाही तसेच वाटू लागले. वळण आले की तो मला दाबायचा, पण वेग कमी करायचा नाही.

धाकलूबाबा म्हणून एक म्हातारे नेहमी पुढे बसत. ते एकदा म्हणाले, "लडकू, बैल हाकायचास तवा वळणावर उतरून बघायचास. आता नुसता वाजवतोस रं."

लडकू हसला. मीही मनातल्या मनात हसलो. त्याची आज लाज वाटते.

माघातली दुपार होती, मोटारीत उतारू नव्हते. दहिवलीच्या वळणावर रस्त्याकडेला चिंचेचे झाड आहे. खाली पडलेल्या चिंचा वेचत एक पाच वर्षांची मुलगी रस्त्याच्या मधोमध बसली होती. तिची पाठ आमच्याकडे होती. लडकूने मला दाबले. ती हलली नाही. त्याने पुन्हा दाबले, तिसऱ्यांदा दाबले. मी जीव तोडून ओरडलो. आजवर माझ्या आवाजाने हलले नाही असे कोणी नव्हते, म्हणून ती आता उठेल, मग उठेल, या भरवशावर लडकूने ब्रेक लावायला उशीर केला. शेवटी त्याने मोटार एकदम शेतात घातली. बांधावर आपटून ती कलंडली. मी तुटून उडालो आणि त्या मुलीच्या पुढ्यात पडलो.

तेव्हा कुठे तिने मागे वळून पाहिले. तिला खरचटलेसुद्धा नव्हते. लडकूचा पाय मात्र मोटारीखाली सापडला होता.

मुलीची आई सोनुबाई नुकतीच गावात राहायला आली होती; ती शेतातून धावत आली. तिने लेकीला चाचपून पाहिले, उराशी धरले आणि मग लडकूजवळ येऊन ती हलक्या आवाजात म्हणाली, "पारूला ऐकू येत नाय रं. जल्मापासनं नाय."

"मला ठाव नव्हतं, वयनी," लडकू म्हणाला. "वाजवलं म्हंजी झालं, असं मला वाटायचं."

लडकूचा पाय कायमचा अधू झाला. आबाजींनी दुसरी मोटार आणली, दुसरा माणूस ठेवला. मला कोणीतरी लडकूच्या गोठ्यात नेऊन टाकले. तिथे मी दोन वर्षे होतो. अंगावर हिरवा गंज चढला, रबर चिरले. रस्त्यावर मोटारी वाढल्या, लॉऱ्याही आल्या. पोरे अजूनही भोंगा ऐकला की बघायला रस्त्याकडेच पळत. लडकू दारात बसून ते पाहायचा आणि पोरांना हाका मारून मागे बोलवायचा.

सुगीत आयाबाया शेतावर गेल्या की गावातली तीन-चार वर्षांची पोरे सोनुबाईच्या अंगणात सांभाळायला असत. लडकू काठी टेकत तिच्याकडे गेला आणि पोरांना रस्त्याचे शिकवू का, असे त्याने विचारले.  तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "शिकव. पण पारू पुढ्यात असंल."

लडकूने मला घासून लखलखीत केले, नवा गोळा बसवला. अंगणात चुन्याने रस्ता आखला. पाटाला चाके लावून त्याची मोटार केली. पहिल्याच दिवशी त्याने पाट ढकलत मला वाजवले आणि पोरे खिदळत सैरावैरा धावली. त्यातली चिंधी नावाची पोर तर थेट पाटासमोर आली. लडकू घामाघूम झाला.

तेवढ्यात पारू चुन्याच्या रेघेशी येऊन उभी राहिली. तिने उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले, पुन्हा उजवीकडे पाहिले. मग लडकूच्या डोळ्यांत पाहत राहिली. त्याने पाट पुरता थांबवला, तेव्हाच तिने पाऊल टाकले. सरळ, न धावता ती पलीकडे गेली. हे तिला कोणी शिकवले नव्हते. त्या दुपारनंतर ती एकटीच असे करू लागली होती.

लडकू खाली बसला. मग म्हणाला, "पोरांनो, आजपासनं पारू शिकवील. मी नुसता पाट ढकलीन."

महिनाभर पारूने शिकवले. रस्त्यावर खेळायचे नाही, कडेने चालायचे, मोठ्यांचा हात सोडायचा नाही, बैलगाडीत बसल्यावर पाय बाहेर काढायचे नाहीत. सगळे ती करून दाखवायची आणि पोरे तिच्यासारखे करायची.

मग एके सकाळी ती सहा पोरांना घेऊन खऱ्या रस्त्याशी आली. सोनुबाई आणि लडकू मागे होते. खालापूरकडून एक लॉरी भोंगा वाजवीत आली. पारूने दोन्ही हात आडवे धरले. एकही पोर जागचे हलले नाही. लॉरी धुरळा उडवीत निघून गेली. धुरळा बसेपर्यंत पारू थांबली, तिने दोन्हीकडे पाहिले आणि सगळी हात धरून पलीकडे गेली. सोनुबाईने तेव्हा कुठे श्वास सोडला. मी लडकूच्या हातात होतो, पण त्याने मला दाबले नाही.

मित्रांनो, भोंगा फक्त ओरडू शकतो. गाडी थांबवणे त्याच्या हातात नसते. म्हणून रस्त्याशी आलात की थांबा आणि आपल्या डोळ्यांनी पाहा. आणि मोठेपणी तुम्ही गाडी हाकाल, तर समोरच्याने आपला आवाज ऐकला असेलच, असे कधी धरून चालू नका. आधी वेग कमी करा.